खाट नंबर सातचं अळणी जेवण

बाबांचा पाय चपलेत जाईना, तेव्हा कुठे आम्ही ते दुखणं मनावर घेतलं. त्याआधी पंधरा दिवस सकाळी त्यांचा चेहरा फुगलेला दिसायचा आणि आई म्हणायची, गिरणीतली पाळी बदलली की असं होतं. बाबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. साच्यावरच्या माणसाचे पाय दुखायचेच, डोळे चुरचुरायचेच, त्यात कुणाला नवल वाटत नसे. पण त्या दिवशी त्यांनी घोट्याच्या वर बोट दाबून मला दाखवलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला. तो भरून येईल म्हणून मी बघत बसले, आणि तो लवकर भरला नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत सकाळच्या वेळेत तिसरीला शिकवत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या चाळीच्या चौकात सभेचे फलक रंगवून वाळत घातलेले असायचे आणि मुलं शाळेत येताना घोषणा म्हणत यायची. घरात आम्ही तिघंच. आई खानावळ चालवायची. मालवणाकडून एकटे आलेले बारा-तेरा गिरणीकामगार दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायला बसत. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन माणसं घरची आठवण काढत, आणि आईला त्याचा फार अभिमान होता. तोंडानं ती तसं कधी म्हणाली नाही. पण पान वाढून झालं की दाराच्या चौकटीला टेकून पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

परळच्या एका धर्मादाय इस्पितळात बाबांना दाखल केलं. नाव सांगून आता काही साधणार नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूत्रपिंडाला सूज आहे, महिना-दोन महिने ठेवावं लागेल.

"औषधापेक्षा जेवण महत्त्वाचं," ते मला म्हणाले. "मीठ बंद. कमी नाही, बंद. शरीरात मीठ गेलं की पाणी साठणार. ते पाणी छातीत गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. आईंना नीट समजावून सांगा."

मी आईला सांगितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. "अजिबात नाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही. 

दुपारचं जेवण इस्पितळाचं आणि संध्याकाळचं घरून आणायला परवानगी, अशी तिथली पद्धत होती. भेटीची वेळ चार ते सहा. पहिल्याच दिवशी मी गेले तेव्हा बाबांच्या खाटेखाली दुपारची थाळी पडून होती. तळाशी थोडं वरण राहिलं होतं. मी बोट बुडवून चाखलं. वरण खारट होतं, चांगलं नेहमीसारखं खारट.

मी तशीच सिस्टरकडे गेले. ती माझगावची ख्रिस्ती बाई होती, पन्नाशीची, चालताना बुटांचा आवाज न करणारी. तिनं बाबांचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "हे बघा. मिठाशिवाय. मी लिहिलंय. चिठ्ठी रोज खाली जाते. आता खाली काय करतात, ते मी इथे बसून बघू?"

"मग कोण बघणार?"

"तीस खाटा आहेत माझ्याकडे," ती म्हणाली आणि कार्ड जागेवर ठेवलं.

मी खाली स्वयंपाकघरात गेले. आत जायला परवानगी नव्हती, पण मला कुणी अडवलं नाही. आत तीन मोठ्या चुली पेटलेल्या होत्या आणि कमरेएवढ्या डेगीत एक माणूस पळा फिरवत होता. उंच, साताऱ्याकडचा, डोक्याला पंचा बांधलेला. हाताखालची माणसं त्याला मामा म्हणत होती. मी मूत्रपिंडाचं, डॉक्टरांचं सगळं त्याला घाईघाईनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, सगळ्या इस्पितळाचं वरण ह्या एका डेगीत होतं. एका माणसासाठी मी डेग कुठनं आणू?"

"पण रोज चिठ्ठी येते तुमच्याकडे."

त्यानं भिंतीकडे हात केला. तिथे एका खिळ्याला चिठ्ठ्यांचा हा एवढा जुडगा टोचून ठेवला होता. मी तो काढून बघितला. सगळं इंग्रजीत. कुणाला दूध जास्त, कुणाला भात मऊ, कुणाला साखर नाही. त्यात मिठाशिवायच्या चार खाटा होत्या, बाबांची सात नंबरची धरून.

"ह्या तुम्ही वाचल्या नाहीत?"

"मला मराठी येतं," तो म्हणाला. "इंग्रजी येत असतं तर पळा कशाला फिरवत बसलो असतो?"

 मग मी त्याला विचारलं, वरणात मीठ कधी घालता? तो म्हणाला, डाळ घोटून झाल्यावर, उतरवताना. म्हटलं, मग मीठ घालायच्या आधी चार माणसांचं बाजूला काढता येणार नाही का? त्यानं पळा डेगीच्या काठावर टेकवला. "येईल की," तो म्हणाला. "कुणी सांगितलंच नाही तसं."

शाळेच्या पिशवीत माझ्याकडे खडूचे तुकडे असायचेच. त्याच्या परवानगीनं मी चुलीसमोरच्या काळ्या पडलेल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मीठ नको', आणि खाली चार खाटांचे नंबर. दुसऱ्या दिवसापासून बाबांचं दुपारचं वरण अळणी येऊ लागलं. मी मनात फार फुशारले. एवढ्या मोठ्या इस्पितळात मी एक गोष्ट सरळ केली, असं मला वाटत होतं, आणि पुढे जे झालं त्यात ह्या फुशारकीचाही वाटा होता.

संध्याकाळचा डबा आई करायची. खानावळीतलं सगळं आटोपून बाबांसाठी छोट्या पातेल्यात वेगळं. तांदळाची पेज, दुधी, कधी लाल भोपळा. मीठ नाही म्हणून तिनं पहिल्या दिवशी सोलं, म्हणजे आमसुलं घातली. मी सिस्टरला सहज सांगितलं तर तिनं विचारलं, सोलं वाळवताना मीठ लावतात ना? आई म्हणाली, लावतात की. तीही बंद झाली. मग पाव बंद, बिस्किट बंद. आईला एकेक गोष्ट हातातून काढून घेतल्यासारखी वाटत होती. बाबा दोन घास खायचे आणि वाटी सारायचे. "गो बाय, ह्या माती खाल्ल्यासारख्या वाटता," ते मला म्हणत. आईला काही म्हणत नसत. आईही दाराला टेकून बघायची ते विसरली होती. डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवायची आणि खिडकीतून बाहेर बघत बसायची.

रोज सकाळी वॉर्डच्या टोकाला असलेल्या काट्यावर बाबांचं वजन व्हायचं. सिस्टर ते खाटेला टांगलेल्या तक्त्यावर लिहायची. पहिल्या दहा दिवसांत आकडा उतरत गेला. घोट्याजवळची हाडं दिसू लागली. मग तो थांबला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी चढला. पाचव्या दिवशी आणखी चढला. डोळ्यांखालच्या पिशव्या पुन्हा भरल्या. बाबांना आडवं झालं की धाप लागू लागली, म्हणून त्यांना उशा लावून बसवून ठेवलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मीठ जातंय कुठून तरी," ते म्हणाले. "शोधा. वेळ फार नाही."

मला शोधायची गरजच वाटली नाही. मला माहीतच होतं. स्वयंपाकघरात मामा कंटाळला असणार, वरण बाजूला काढायचं विसरत असणार, किंवा मुद्दाम. त्या चार थाळ्यांची त्याला कटकट झाली असणार. मी त्याला विचारायला खाली गेलेसुद्धा नाही. शाळेत मधल्या सुट्टीत बसून, शब्दकोश उघडून, इंग्रजीत इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना अर्ज लिहिला. स्वयंपाकी सूचना पाळत नाही, त्यामुळे माझ्या वडिलांच्या जिवाला धोका निर्माण झाला आहे. खाली खाट नंबर सात असं लिहून सही केली. दुपारी तो अर्ज ऑफिसात देऊन आले.

दुसऱ्या दिवशी अर्जाचं काय झालं ते विचारायला मी आधी ऑफिसात गेले. आई पुढे वॉर्डात गेली होती. ऑफिसातून कळलं की स्वयंपाक्याला जाब विचारला आहे, दोन दिवसांत समाधान झालं नाही तर काढून टाकतील. मी समाधानानं जिना चढले. वॉर्डाच्या दारातून आत आले, तर आई बाबांच्या खाटेवर पाठमोरी बसली होती. एरवी ती स्टुलावर बसायची. तिनं पदर पुढे घेऊन आडोसा केला होता. मी बाजूनं गेले. तिच्या पदराची गाठ सुटलेली होती आणि तळहातावर मीठ होतं. बाबा बोट ओलं करून ते मीठ घेत होते आणि पेजेच्या घासाआधी जिभेवर ठेवत होते. लहान मूल चाटतं तसं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

आईनं मला बघितलं आणि मूठ मिटली.

  मी डबा आवरला, बाबांच्या पायावर चादर घातली आणि आईला म्हटलं, चल. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

जिन्याखाली मामा उभा होता. आमचीच वाट बघत होता. त्याच्या हातात घडी घातलेला, इंग्रजीत टाइप केलेला कागद होता.

"बाई, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "ऑफिसातनं हे दिलंय. सही घेतली. काय लिहिलंय जरा वाचून दाखवता?"

कागदात चार ओळी होत्या. तुमच्याविरुद्ध खाट नंबर सातच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी तक्रार केली आहे. तुम्ही मिठाबाबतची सूचना पाळत नाही. दोन दिवसांत उत्तर द्यावं. अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. आई माझ्या शेजारी उभी होती. तिची मूठ अजून मिटलेलीच होती.

मी वाचलं. मराठीत सांगितलं, मिठाबद्दल कुणीतरी तक्रार केली आहे, दोन दिवसांत उत्तर मागितलंय.

"कुणी?"

"नाव नाही लिहिलेलं," मी म्हणाले.

नाव खरंच नव्हतं.  "मी चौघांचंही रोज बाजूला काढतो," तो म्हणाला. "तुम्ही भिंतीवर लिहून दिल्यापासनं एक दिवस चुकलो नाही." मग त्यानं कागदाची घडी घातली आणि आत गेला.

 घरी आल्यावर मी खोलीचं दार लावलं आणि विचारलं, "आये, किती दिवस?"

"सात-आठ दिवस."

"डॉक्टर काय म्हणाले होते, ऐकलं होतंस ना तू?"

"ऐकललंय. पण तेंचा तोंड माका बघवत नाय," आई म्हणाली. "माणूस जेवलो नाय तर बरो कसो होतलो? एवढ्याशा मिठान काय होता?"

"मरतात त्यानं, आये. धाप लागतेय ती त्याचीच."

ती खाली बसली. मी आणखी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. मोठ्यानं बोलले, शेजारी ऐकू जाईल इतकं. त्यात मामाची नोकरी जाणार हेही सांगितलं. आई रडली नाही. चुलीतली राख काढायला लागली आणि काढतच राहिली. मी ठरवलं, उद्या शाळा सुटली की आधी ऑफिसात जायचं आणि खरं सांगायचं. मला भीती ही वाटत होती की खरं सांगितलं तर आईला वॉर्डात येऊच देणार नाहीत. म्हणून त्याच संध्याकाळी परत गेले नाही. उद्यावर ढकललं.

उद्या जाता आलंच नाही. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार ही बातमी रेडिओवर आली आणि सकाळपासून रस्ते पेटले. गिरण्या बंद, शाळा बंद. नाक्यावर दगड पडले, अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि दुपारपर्यंत गोळीबाराचे आवाज आमच्या गॅलरीपर्यंत यायला लागले. मग कर्फ्यू लागला. चाळीच्या दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. खानावळीतली माणसं आमच्याच खोलीत आणि गॅलरीत अडकून पडली. आई त्यांना जे होतं ते शिजवून वाढत होती. इस्पितळ आमच्या चाळीपासून चालत पंचवीस मिनिटांवर होतं आणि आम्हाला तिथे जाता येत नव्हतं.

तीन दिवस असे गेले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाबांचं दोन्ही वेळचं जेवण आता इस्पितळावर होतं, म्हणजे मामावर होतं. तो इस्पितळात असेल तर. आणि असला, तर ज्याच्या नोकरीवर मी घाला घातला त्याच्या हातात माझे बाबा होते. आईच्याही मनात तेच असावं. दुसऱ्या दिवशी फक्त एकदा म्हणाली, "तेंच्या पोटात काय पडला असतला?" 

चौथ्या दिवशी सकाळी बाजारहाटासाठी दोन तास कर्फ्यू उठवला. आईनं तोपर्यंत अळणी भात आणि दुधी शिजवून ठेवला होता. तिनं पदर झटकून मला दाखवला, चारही टोकं. मी बघितलं नाही, पण तिला दाखवायचाच होता. मी एकटीच निघाले.

रस्त्यावर विटांचे तुकडे, फुटलेल्या काचा, जळालेली कसलीशी लाकडं. माणसं भिंतीला धरून भराभर चालत होती. नाक्यावर बंदूकवाल्या पोलिसानं मला हात केला. "डिब्बा खोलो."

मी खोलला. त्यानं काठीचं टोक भातात खुपसून फिरवलं. "किसके लिये?"

"बाप अस्पताल में है."

त्यानं मला जाऊ दिलं. मी वरचा भात काढून टाकला आणि झाकण लावून चालू लागले.

इस्पितळाच्या फाटकाशी गर्दी होती. आत व्हरांड्यात जमिनीवर माणसं झोपवलेली. पट्ट्या, रक्त, औषधाचा वास. मी जिना धावतच चढले. सात नंबरच्या खाटेवर एक अनोळखी तरुण होता, मांडीला मोठं बँडेज बांधलेला. तक्ता नव्हता. बाबांची पिशवी नव्हती.

मी त्या तरुणाला विचारलं, इथले म्हातारे कुठे गेले? त्यानं मान हलवली. त्याला माहीत नव्हतं. सिस्टर दिसत नव्हती. आयाबाई बादली घेऊन चालली होती, ती म्हणाली, काल रात्री दोन गेले इथले, कोण ते मला ठाऊक नाही. मी त्या खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी राहिले. 

मग पलीकडच्या दारातून सिस्टर आली. तिच्या डोळ्यांवरून ती चार दिवस घरी गेलेली नव्हती हे दिसत होतं. "सात नंबर? वर. मागच्या व्हरांड्यात," ती म्हणाली. "जखमींना जागा हवी होती. तुमचे वडील बरे आहेत. जा."

वरच्या व्हरांड्यात दहा-बारा खाटा कशाबशा कोंबलेल्या होत्या. बाबा अगदी टोकाला होते. उशा नव्हत्या मागे. आडवे झोपले होते, सरळ, धाप न लागता. मला बघून उठून बसले. "काय गो, घराकडे सगळी बरी हत मा?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या पायावरची चादर वर केली. घोट्याची हाडं दिसत होती.

"जेवता काय तुम्ही?"

"तो थाळी हाडून देता," बाबा म्हणाले. "मामा. सोता येता."

मग बाबांच्या बोलण्यावरून मला उलगडलं. खाटा हलवल्या तेव्हा नंबर बदलले. भिंतीवर मी लिहिलेले नंबर बिनकामाचे झाले. कार्डं एकमेकांत मिसळली. चिठ्ठ्या लिहायला कुणाला सवड नव्हती. हाताखालची निम्मी माणसं येऊ शकत नव्हती. मामा चार दिवस इस्पितळातच झोपत होता. त्या गोंधळात तो स्वतः मजल्यामजल्यावर फिरून आपली चार अळणी माणसं शोधून आला होता आणि दोन्ही वेळा त्यांच्या थाळ्या स्वतःच्या हातानं पोचवत होता.

मी खाली गेले. तो भाजी चिरत होता. मला बघून थांबला नाही.

"मामा," मी म्हणाले, "तो कागद मी तुम्हाला पुरा वाचून दाखवला नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "सिस्टरनं पुरा वाचला. सात नंबरचे नातेवाईक."

"ती तक्रार मी केली होती."

"ते तेव्हाच कळलं होतं. वाचताना तुमचा आवाज बसला होता."

 "मीठ आमच्याकडूनच जात होतं. आई देत होती. मला कळलं, त्याच दिवशी, तुम्ही कागद दाखवायच्या जरा आधी. तरी मी बोलले नाही."

त्यानं विळी बाजूला सारली. "चार दिवस तुमच्याकडनं कुणी आलं नाही आणि काटा सहा पौंड उतरला. सिस्टर काल स्वतः खाली आली सांगायला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या भाकरीवर आलं होतं ते, बाई. एकदा खाली येऊन विचारायचं होतंत."

"मग तुम्ही त्यांना इतकं जपून का दिलंत?"

हे मी विचारायला नको होतं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच रागानं लाल झाला. "का म्हणजे? तुमचा राग त्यांच्या थाळीवर काढू? ते माझं काम आहे. तुमच्यावर उपकार म्हणून नाही केलं." आणि तो पुन्हा विळीवर बसला.

दोन तास संपत आले होते. सिस्टरच्या टेबलावर उभ्यानं मी मोठ्या डॉक्टरांना दुसरा अर्ज लिहिला. शब्दकोश नव्हता. जसं जमेल तसं लिहिलं, की माझी तक्रार खोटी ठरली आहे, मीठ घरच्या माणसांकडून गेलं, स्वयंपाक्याचा काही दोष नाही. सिस्टरनं तो वाचला, दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलं आणि स्वतः ऑफिसात नेऊन दिला. परत आल्यावर तिनं सांगितलं, तो जाब आता मागे घेतील. "पण तुमच्या घरून आता काही नको. वाटीभर पाणीसुद्धा नको. आईंना सांगा, भेटायला या, हात रिकामे ठेवून."

कर्फ्यू उठल्यावर आई माझ्याबरोबर इस्पितळात गेली. वाटेत म्हणाली, आधी खाली जाऊया. मामासमोर जाऊन ती उभी राहिली. "तुमचो काय दोष नाय," ती म्हणाली. "माझो."  मामानं डोक्यावरचा पंचा काढला, पुन्हा बांधला आणि म्हणाला, "बसा, मावशी." मग तिनं विचारलं, अळणी खायला लागेल असं कसं करता? तो म्हणाला, लसूण जास्त, मिरी, वरून लिंबू, आणि जेवण गरम. गार झालं की अळणी गिळवत नाही. तुमचा डबा लालबागहून येईपर्यंत गार होत असणार. आईनं ते मान हलवत ऐकलं. तिला स्वयंपाकातलं कुणी काही सांगावं आणि तिनं ते ऐकून घ्यावं, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मामा माझ्याशी पुढेही कामापुरतंच बोलला. मी भिंतीवरचे जुने नंबर पुसून नवे लिहून दिले, तेव्हा "ठीक आहे" म्हणाला. त्याची नोकरी राहिली. माझा पहिला अर्ज मात्र ऑफिसातच राहिला. तो परत मागितला तर कारकून म्हणाला, आलेला कागद परत जात नाही.

होळीच्या आधी बाबा घरी आले. साच्यावर परत जाता आलं नाही, डॉक्टरांनी मनाई केली. खानावळीत बसून ते भाजी निवडायचे आणि सगळ्यांच्या आधी, गरम गरम, वेगळ्या पातेल्यातलं जेवायचे. एका दुपारी आई नळावर गेली होती तेव्हा मी त्यांना विचारलं, तुम्हाला तर डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, मग तुम्ही ते मीठ का घेत होता? एवढी तलफ होती?

बाबा हातातली मेथीची काडी मोडत राहिले. "पयल्या दिवशी होती," ते म्हणाले. "मागीर नाय. पण ती एवढ्या लांबसून माझ्यासाठी पदरात बांधून हाडी. नको कसा म्हणतलंय?"

आईला मी हे कधीच सांगितलं नाही. बाबा त्यानंतर तीन वर्षं जगले. शेवटी मूत्रपिंडानंच गेले, घरी, आईच्या शेजारी. पण ती तीन वर्षं त्यांना मिळाली. त्यात माझं श्रेय किती आणि माझ्यामुळे ती जवळजवळ जाणार होती ते किती, ह्याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.